मालकाचा रकाना : जखमी भटक्या मांजराच्या उपचाराची हकिगत

पशुवैद्यकाच्या दवाखान्यातील केसपेपरवर प्राण्याची जात, लिंग, अंदाजे वय आणि वजन यांच्या जोडीला ‘मालकाचे नाव’ असा एक रकाना असतो. पाळलेल्या कुत्र्या-मांजराच्या बाबतीत तो लगेच भरला जातो. भटके मांजर आले की काउंटरवरचा हात थांबतो. मांजर आणणारा सांगतो, “हे माझं नाही, आमच्या गल्लीतलं आहे.” काउंटरवरून विचारणा होते, “मग नाव कोणाचं लिहू?” जखमी भटक्या मांजराच्या उपचाराची बरीचशी अडचण या एका प्रश्नात सामावलेली आहे. औषध, एक्स-रे आणि शस्त्रक्रिया यांची सोय मोठ्या शहरात पैसे मोजून किंवा धर्मादाय रुग्णालयात होते. पण निर्णय कोणी घ्यायचा, सही कोणी करायची आणि हाड जुळेपर्यंत मांजर कोणाच्या घरी राहणार, हे कागदावर एखादे नाव लागल्याशिवाय ठरत नाही.

मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हणतात. भटक्या मांजराचा पुढचा संसारही सात घरांतच चालतो. एका दारात सकाळचे दूध, दुसऱ्या दारात माशांची डोकी, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात दुपारची झोप. त्याला ओळखणारे पुष्कळ असतात, त्याचे नावही प्रत्येक मजल्यावर वेगळे असते. ज्या प्राण्यावर कोणी मालकी सांगितलेली नाही, अशा प्राण्यासाठी २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा वापरली आहे. संज्ञा योग्य आहे, पण दवाखान्यात समुदायाला सही करता येत नाही. हातून मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही समजूत जुन्या पिढीत सर्वांना ठाऊक होती. त्या धाकाने मांजराला मारणारे हात आवरले गेले असतील. जखमी मांजर उचलण्यासाठी मात्र कोणताही धाक कामाचा नसतो.

शहरातल्या मांजरांच्या दुखापतींची कारणे ठरलेली असतात. वाहनाची धडक हे त्यातले मोठे कारण. पावसात आणि थंडीत मांजरे गाडीच्या बॉनेटखाली, गरम इंजिनावर जाऊन झोपतात आणि गाडी सुरू झाली की पट्ट्यात किंवा पंख्यात सापडतात. उंच इमारतींत खिडकीतून किंवा गच्चीच्या कठड्यावरून पडणारी मांजरे असतात. मांजर कसेही पडले तरी चार पायांवरच पडते, हा समज अर्धाच खरा आहे. ते हवेत अंग वळवते हे खरे, पण उंचावरून पडताना पाय जमिनीला टेकल्यावर हनुवटीही आदळते. त्यामुळे खालचा जबडा मधोमध फाकतो, टाळूला चीर जाते, कधी फुप्फुसातून हवा गळून छातीच्या पोकळीत साठते. कुत्र्याने धरलेल्या मांजराच्या कातडीवर दोन-चार बारीक भोके दिसतात आणि आतले स्नायू फाटलेले असतात. बोक्यांच्या मारामारीत दाताची जखम वरून चटकन मिटते, आत पू साठतो आणि तीन-चार दिवसांनी गळू येते. पावसाळ्यात या सगळ्यांवर माश्या बसतात. उघड्या जखमेत त्यांनी घातलेल्या अंड्यांतून दिवसभराच्या आत अळ्या बाहेर पडू शकतात.

मुंबईच्या एका उपनगरातील सोसायटीत जुलैच्या एका रविवारी संध्याकाळी एक पिवळा बोका पार्किंगमध्ये गाडीखाली पडलेला दिसला. आदल्या दोन दिवसांत तो जेवणाच्या वेळेला आला नव्हता. रोज त्याला खाऊ घालणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने ते मनात टिपून ठेवले होते. वॉचमनने येऊन सांगितले, “काकू, तुमचा पिवळ्या गाडीखाली पडलाय. हाक मारली तर हलत नाही.” काकू म्हणाल्या, “माझा कुठला रे तो?” आणि बोलता बोलताच त्यांनी चपला घातल्या. भटक्या मांजराची दुखापत बहुधा अशीच कळते. मांजर दुखणे दाखवत नाही, ते आडोशाला जाऊन बसते. म्हणून जखम नजरेस पडण्याआधी त्याची गैरहजेरी लक्षात येते, आणि ती फक्त रोज वाट पाहणाऱ्यालाच जाणवते.

गाडीखाली हात घालण्याआधी दोन मिनिटे नुसते पाहणे उपयोगाचे ठरते. शांत बसलेले निरोगी मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० वेळा श्वास घेते. पोटाची हालचाल अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली की आकडा मिळतो. तोंड उघडे टाकून धापा टाकणे कुत्र्याच्या बाबतीत रोजचे आहे, मांजराच्या बाबतीत ते धोक्याचे चिन्ह आहे. ओठ उचलता आला तर हिरड्यांचा रंग पाहावा. गुलाबी हिरड्या दिलासा देतात. पांढऱ्या, करड्या किंवा निळसर हिरड्या दिसल्या तर वेळ दवडता येत नाही. साडेतीन किलोच्या मांजराच्या अंगात रक्त जेमतेम २०० मिलिलिटर असते, म्हणजे सव्वादोन-अडीच कटिंग चहाएवढे. त्यामुळे माणसाला किरकोळ वाटणारा रक्तस्राव त्याला जड जातो. घुरघुर ऐकून ‘म्हणजे बरा आहे’ असे मानणेही चुकीचे आहे. मांजर समाधानात असताना घुरघुरते, तसेच ते वेदनेत आणि भीतीतही घुरघुरते. पिवळ्या बोक्याचा श्वास मिनिटाला ५० च्या वर होता, हिरड्या फिक्या होत्या, आणि उठण्याचा प्रयत्न केला की त्याचे मागचे धड खाली बसत होते.

मांजर पकडण्याच्या कामात जाड टॉवेल आणि पुठ्ठ्याचे खोके ही खरी साधने आहेत. मांजरासाठीची बंद बास्केट किंवा कॅरिअर असेल तर उत्तम, नसेल तर फळांचे भोके असलेले क्रेट दुसऱ्या क्रेटने झाकून दोरीने बांधतात. टॉवेल डोक्यावरून टाकायचा, अंधार झाला की मांजर बहुधा थंड पडते, मग मान आणि छाती एका हाताने व कंबर दुसऱ्या हाताने आधारून सगळे एकदम उचलायचे. पाठीच्या किंवा कंबरेच्या दुखापतीचा संशय असेल तर मानगुटीला धरून लटकवायचे नाही. अंगाखाली पुठ्ठा सरकवून त्यालाच स्ट्रेचर करायचे. भोवती पाचपंचवीस माणसे, मोबाइलचे दिवे आणि सूचनांचा मारा यांनी मांजर दुसऱ्या गाडीखाली पळते आणि तुटलेले हाड आणखी सरकते. त्या दिवशीही पहिली दहा मिनिटे बघ्यांना मागे सारण्यातच गेली. पाळण्यातल्या बाळासाठी असते तशी कुजबुज करीत दोन माणसांनी काम केले, तेव्हा बोका खोक्यात आला.

खोक्यात येता येता त्याने वॉचमनच्या अंगठ्यात दात रोवला. ही या कामातली नेहमीची घटना आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवयही नेहमीचीच. मांजराचा दात सुईसारखा असतो, जखम वरून टिचभर दिसते पण जंतू खोलवर जातात. हात काही तासांत सुजू शकतो. त्याहून मोठी बाब रेबीजची. मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्या चाव्यातून तो माणसाला होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. म्हणून चावा किंवा रक्त काढणारा ओरखडा झाला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचे. महापालिका आणि सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. रक्त आलेल्या चाव्यासाठी लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण त्या निरीक्षणासाठी लस लांबवायची नसते. वॉचमनला रिक्षात बसवून रुग्णालयात पाठवण्यात आले. “एवढ्याशा चाव्याला कशाला?” असे तो म्हणत होता. त्याची समजूत घालायला जेवढा वेळ लागला तेवढा बोक्याला पकडायलाही लागला नव्हता.

दवाखान्यात पोचण्याआधी घरगुती उपचारांचा मोह आवरावा लागतो, कारण चांगल्या हेतूने दिलेल्या वस्तूंनी मांजरे दगावतात. यात पहिली पॅरासिटामॉलची गोळी. हे औषध शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातील प्रक्रिया मांजरात फार क्षीण असते. औषधाचे विषारी रूप रक्तात साठते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी पडतात आणि तोंड सुजते. माणसाची एक नेहमीची गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते. दुसरी वस्तू म्हणजे डेटॉलसारखे फिनॉल गटातले जंतुनाशक. ते जखमेवर झोंबतेच, शिवाय मांजर अंग चाटून ते पोटात घेते. अळ्यांसाठी टर्पेंटाइन ओतण्याची पद्धत गुरांच्या बाबतीत जुनी आहे. मांजराची पातळ कातडी त्याने भाजते आणि चाटण्यातून विषबाधा होते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधेही मांजराला झटके आणतात. वाटीभर दूध पुढे करणे निरुपद्रवी वाटते, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब लागतात. शिवाय भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटे दाबून धरणे, अंगाखाली उबदार कपडा घालणे आणि खोके अंधारे ठेवणे, एवढ्यावर प्रथमोपचार थांबतो.

कुठे जायचे, हा पुढचा प्रश्न. प्राण्यांच्या रुग्णालयांच्या बाबतीत मुंबईला जुनी परंपरा आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था इथे १८७४ मध्ये स्थापन झाली. तिच्या परळच्या रुग्णालयाला दानशूर उद्योगपती दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव आहे, आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी रुग्णालयाच्या दारात येणाऱ्यांत ट्रामचे घोडे आणि गाडीचे बैल असत. आज तिथे टॉवेलात गुंडाळलेली मांजरे घेऊन माणसे रांगेत उभी असतात. उपनगरांतून परळ गाठायला तास-दीड तास लागू शकतो, म्हणून श्वास लागलेल्या मांजराला आधी जवळच्या खासगी दवाखान्यात स्थिर करून मग पुढे हलवतात. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्या लागतात. आत्ता डॉक्टर हजर आहेत का, एक्स-रेची सोय चालू आहे का, आणि भटके मांजर घेतात का. रविवारी संध्याकाळी या तिन्ही प्रश्नांना एकाच ठिकाणी होकार मिळणे अवघड असते. पिवळ्या बोक्यासाठी चौथा फोन लागू पडला. रिक्षावाल्याने मागे वळून “काय आहे खोक्यात?” असे विचारले आणि उत्तर ऐकल्यावर खड्डे चुकवत गाडी हाकली.

काउंटरवर केसपेपर आला. काकूंनी मालकाच्या नावापुढे ‘सोसायटी’ लिहायला सांगितले. “सोसायटी सही करत नाही, मॅडम,” असे उत्तर मिळाले. मग काकूंचे नाव, काकूंचा नंबर आणि काकूंची सही झाली. या क्षणी बरेच जण मागे सरतात, आणि त्याला नुसता भित्रेपणा म्हणता येत नाही. सही करणारा बिल भरण्याची जबाबदारी घेतो, भुलेचा धोका समजल्याचे मान्य करतो, आणि मांजर बरे झाले की ते परत न्यायला बांधला जातो. दवाखान्यांनाही हा आग्रह सोडता येत नाही. आणून ठेवलेली आणि कोणीच परत न नेलेली मांजरे पिंजऱ्यात साठत गेली की नव्या जखमी मांजराला जागा उरत नाही, आणि दाटीवाटीत पॅनल्युकोपेनियासारखा संसर्ग शिरला तर लस न टोचलेली पिल्ले भराभर मरतात.

डॉक्टरांनी आधी पायाकडे पाहिले नाही. अपघाताच्या मांजरात श्वास, रक्ताभिसरण आणि शुद्ध हे आधी पाहतात. तुटलेले हाड थांबू शकते. निरोगी मांजराचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. बोक्याचा पारा ९७ वर होता. शॉकमधल्या मांजराचे तापमान असे खाली येते. त्याला कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवले, वेदनाशामक इंजेक्शन दिले, नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली आणि पुढच्या पायाच्या शिरेतून सलाईन सुरू केले. वेदना उतरली की श्वासही उतरतो, हे सहायकाला अनुभवाने माहीत होते. तो घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी श्वास मोजत राहिला. या टप्प्यावर नातेवाईकांसारखी बाहेर बसलेली माणसे “एक्स-रे कधी?” असे विचारत राहतात. घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या मांजराला एक्स-रेच्या टेबलावर दाबून आडवे केले तर ते तिथेच दगावू शकते, म्हणून तो उशिराच काढायचा असतो.

एक्स-रे दोन बाजूंनी काढला गेला. छातीचा फोटो कंबरेच्या दुखापतीतही लागतो, कारण धडकेने छाती आणि पोट यांमधला पडदा फाटून आतडी वर सरकलेली असू शकतात आणि बाहेरून त्याची खूण दिसत नाही. इथे पडदा शाबूत होता. कमरेचे हाड मात्र दोन ठिकाणी मोडले होते. या हाडाची रचना चौकटीसारखी असल्याने ते एका जागी मोडून बहुधा भागत नाही, दुसरीकडेही तुटते. खुब्याची वाटी आणि पाठीच्या कण्याशी असलेला सांधा सुरक्षित होता. अशा मांजराला शस्त्रक्रियेची गरज नसते. पिंजऱ्यातली चार ते सहा आठवड्यांची सक्तीची विश्रांती हाच उपचार असतो. डॉक्टरांना दुसरीच काळजी होती. मूत्राशय फुटलेले नाही ना, आणि शेपटीजवळच्या नसा तुटलेल्या नाहीत ना, याचा पहिला अंदाज बोक्याने लघवी केल्यावर येणार होता. रात्री अकराला पिंजऱ्यातला कागद ओला झाला, तेव्हा सहायकाने फोन करून आनंदाने ती बातमी दिली. मांजराच्या लघवीची इतक्या आतुरतेने वाट पाहणे या कामातच घडते.

प्रत्येक हकिगत इथे येऊन पोचत नाही. पायाचा चुरा झाला असेल किंवा नस कायमची तुटली असेल तर पाय काढतात. पाहणाऱ्याला ते भयंकर वाटते, पण हलक्या अंगाचे मांजर तीन पायांवर काही आठवड्यांत धावू लागते. लोंबता, रक्त न पोचणारा पाय ठेवण्यात मात्र त्याचे हाल असतात. कणा तुटून मागच्या धडाची जाणीव गेलेली, स्वतःहून लघवी न करू शकणारी मांजरे हा कठीण गट. त्यांचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते, आणि ते आयुष्यभर. घर आणि माणूस मिळाले तर अशी मांजरे जगतात. दोन्ही नसतील तर डॉक्टर शांतपणे मरण देण्याचा पर्याय सांगतात. तेव्हा ‘तुम्हीच ठरवा’ असे डॉक्टर आणणाऱ्याला म्हणतो आणि आणणारा डॉक्टरला म्हणतो. या कामात मुरलेली माणसे एक कसोटी वापरतात. मांजर खाईल का, हिंडेल का, वेदनेविना झोपेल का, आणि त्यासाठी जे रोज करावे लागेल ते करणारा माणूस आज, नावानिशी समोर आहे का. ‘कोणीतरी मिळेल’ हे उत्तर या कसोटीवर धरत नाहीत.

पैशाचा प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, ही गोष्ट तिथे पुन्हा घडली. हात जोडलेली आणि डोळ्यांत पाणी आलेली चिन्हे चाळीसेक आली, पैसे सात घरांतून आले. ज्यांनी दिले त्यांनी थोडे थोडे दिले, आणि तेवढ्याने एक्स-रे व औषधे भागली. या अनुभवातून काकूंनी एक पद्धत घालून घेतली. आधी बिलाचा फोटो टाकायचा, मग रक्कम सांगायची, आणि शेवटी उरलेला रुपयान्‌रुपया पुढच्या मांजराच्या नावावर लिहून ठेवायचा. हिशेब दिसला की दुसऱ्या वेळी देणारी घरे वाढतात. ‘हा खर्च मांजरावर कशाला’ असे विचारणारेही असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नये, एवढेच जुने कार्यकर्ते सांगतात.

चौथ्या दिवशी बोका दवाखान्यातून बाहेर पडला आणि खऱ्या कामाला सुरुवात झाली. काकूंच्या वन-बीएचकेमध्ये बाल्कनीच्या कोपऱ्यात पिंजरा लागला. पिंजरा उठून वळता येईल एवढा मोठा आणि उडी मारता येणार नाही एवढा बुटका असावा लागतो. खाली वर्तमानपत्र, त्यावर जुनी चादर, एका बाजूला उथळ ट्रेमध्ये वाळू. रस्त्यावरच्या बोक्याला बंदिस्त जागेची सवय नसते. पहिल्या रात्री तो ओरडतो, पाण्याची वाटी उलथवतो आणि शेजारी बेल वाजवतात. जाड चादरीने तिन्ही बाजू झाकल्या की तो लपल्याच्या भावनेने गप्प होतो. अन्नाकडे सर्वात जास्त लक्ष द्यावे लागते. मांजर दोन-तीन दिवस काहीच न खाता राहिले, विशेषतः ते अंगाने भरलेले असेल, तर शरीरातील चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ शकते. बोक्याने दवाखान्यातले तयार खाद्य नाकारले होते. उकडून काटे काढलेला बांगडा कोमट करून पुढे ठेवल्यावर त्याने नाक हलवले आणि ताट साफ केले. वास लागला तरच मांजर खाते, आणि थंड अन्नाला वास कमी येतो.

औषध देणे हे दोन माणसांचे काम आहे. एकाने टॉवेलात गुंडाळून धरायचे, दुसऱ्याने जबड्याच्या कोपऱ्यात बोट लावून गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची आणि मागोमाग थोडे पाणी द्यायचे, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण करू शकते. मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक मांजराला दिले जाते, पण डोस आणि दिवस डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. ‘अजून लंगडतोय’ म्हणून मनाने वाढवलेले दोन दिवस मूत्रपिंडांना बाधतात. कमरेचे हाड जुळताना आतली वाट अरुंद होऊन शौचाला त्रास होतो, म्हणून वाळूचा ट्रे रोज पाहून वहीत नोंद ठेवावी लागते. काकूंच्या वहीत दिवस, खाणे, लघवी, शौच आणि गोळी असे पाच रकाने होते. तिसऱ्या आठवड्यात बोका पिंजऱ्यात उभा राहून जाळीवर अंग घासू लागला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना तो बरा झालेला वाटला. हा टप्पा फसवा असतो. वेदना गेलेली असते, हाड मात्र पुरते जुळलेले नसते, आणि या दिवसांत दार उघडे राहिले तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून मगच पिंजऱ्याबाहेरची परवानगी मिळाली.

परत सोडण्याआधी दोन कामे उरकून घेतात. पहिले नसबंदीचे. नसबंदी न केलेला बोका पुन्हा हद्दीसाठी भांडणार, रस्ते ओलांडणार आणि पुन्हा जखमी होणार. भाटीच्या बाबतीत वर्षातून दोन-तीन वेळा होणाऱ्या विणी थांबतात. भूल उतरण्याआधी कानाचे टोक थोडे कापतात, म्हणजे त्या मांजरावर नसबंदी झाल्याचे लांबूनच कळते आणि त्याला पुन्हा पकडून टेबलावर घेण्याची वेळ येत नाही. दुसरे काम लसींचे, म्हणजे रेबीज आणि मांजरांच्या संसर्गजन्य रोगांची लस. मग त्याला पकडले होते त्याच आवारात, त्याच्या जेवणाच्या वेळी सोडायचे. नव्या, ‘चांगल्या’ जागी सोडलेले मांजर तिथल्या मांजरांच्या हद्दीत घुसखोर ठरते आणि बहुधा जुन्या जागेच्या शोधात रस्त्यावर येते. आवारातून मांजरे उचलून दूर सोडून देण्याचा ठराव काही सोसायट्या करतात. प्राण्याला त्याची उपासमार होईल अशा स्थितीत सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतो, आणि प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली शिक्षापात्र आहे. सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत आहे. भांडणात ही कलमे वाचून दाखवण्यापेक्षा कान कापलेली मांजरे दाखवली की समितीतले लोक लवकर ऐकतात, असा अनुभव आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिवळा बोका पार्किंगमध्ये सुटला. तो सरळ ज्या गाडीखाली सापडला होता तिच्याच खाली जाऊन बसला आणि जेवायच्या वेळेला बाहेर आला. उजव्या मागच्या पायात किंचित वाक राहिला आहे, जिना चढताना तो दिसतो. सोडल्यानंतर पंधरा दिवस रोज एकदा पाहणे, चाल बिघडली किंवा खाणे सुटले तर पुन्हा दवाखाना गाठणे, आणि केसपेपर जपून ठेवणे, एवढे केले की प्रकरण संपते. त्या केसपेपरवर मालक म्हणून आजही काकूंचेच नाव आहे आणि लसीच्या पुढच्या तारखेचा संदेश त्यांच्याच फोनवर येतो.

प्रत्येक इमारतीत एक कॅरिअर, एक जाड टॉवेल, जवळच्या दोन दवाखान्यांचे आणि एका रात्रीच्या दवाखान्याचे नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये असावेत. त्यांच्यासोबत एका रहिवाशाचे नाव लिहून ठेवावे, जो सही करील आणि सहा आठवड्यांसाठी कोपरा देईल. मांजर सापडल्यावर टॉवेल दोन मिनिटांत मिळतो. नाव मिळायला वेळ लागतो, म्हणून ते आधी ठरवावे.